पडद्यावरचा साचा आणि सीमेवरचा माणूस



शतकाची वाटचाल पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावर चित्रपटाचा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटणे स्वाभाविक आहे. ग्रंथ आणि चित्रपट ही दोन वेगळी कुळे आहेत, अशी आपल्याकडे समजूत आहे. वस्तुतः पडद्यावर वावरणारी पुष्कळशी माणसे आधी पुस्तकाच्या पानावर जन्मलेली असतात. त्यांच्याविषयीचे ग्रह आणि पूर्वग्रहही तेथेच रुजलेले असतात. म्हणून अमेरिकन चित्रपटांनी वंश, वर्ण आणि संस्कृती यांची जी चित्रे रंगवली त्यांचा विचार ग्रंथालयात होणे अप्रस्तुत ठरू नये. बेळगाव-निपाणीच्या परिसरात तर या विचाराला जिव्हाळ्याचे एक कारण आहे. येथील मराठी माणूस पुण्या-मुंबईत गेला की त्याच्या बोलण्यातील कानडी हेल ऐकून लोक गालात हसतात, आणि बंगळुरात गेला की त्याच्या कानडीतील मराठी वळण ओळखू येते. दोन्हीकडे त्याच्या पाठीवर एकेक शिक्का बसतो. शिक्का बसणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पडद्यावरचे शिक्के लवकर वाचता यावेत.

बेळगावच्या उद्यमबागेत लोखंडाचे ओतकाम चालते. तेथील कामगाराला साचा म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. साचा एकदा तयार झाला की त्यातून निघणारा प्रत्येक नग सारखा. लोखंडाच्या बाबतीत हा गुण आहे. माणसाच्या बाबतीत मात्र हाच अन्याय होतो. कथा-कादंबऱ्या, नाटके आणि चित्रपट यांना थोडक्या वेळात पुष्कळ सांगायचे असते, त्यामुळे साच्याचा मोह त्यांना पडतो. पगडी दिसली की सावकार, काळा चष्मा दिसला की गुंड, असा सोपा हिशेब असतो. हा साचा ओळखण्यासाठी तीन साधे प्रश्न पुरेसे आहेत. पडद्यावरच्या माणसाला कोणते काम दिले आहे? त्याच्या बोलण्याला किती आणि कशी जागा आहे? आणि त्याला स्वतःची काही इच्छा, स्वतःचा काही निर्णय आहे की नाही?

हे तीन प्रश्न घेऊन अमेरिकन चित्रपटांकडे वळले असता पहिली गाठ पडते ती १९१५ सालच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या चित्रपटाशी. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ हा त्याचा दिग्दर्शक. चित्रपटाचे तंत्र ज्यांनी घडवले त्यांत त्याचे नाव अग्रभागी आहे. या चित्रपटाचे मूळ टॉमस डिक्सन याच्या 'द क्लॅन्समन' या १९०५ सालच्या कादंबरीत सापडते. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय म्हणजे उन्मत्त, कामांध आणि राज्य चालवण्यास नालायक माणसे, असे चित्र त्यात आहे. आणि त्यांना 'वठणीवर आणणारी' क्लू क्लक्स क्लॅन ही दहशतवादी संघटना त्यात तारणहार म्हणून अवतरते. प्रमुख कृष्णवर्णीय पात्रे गोऱ्या नटांनी तोंडाला काळा रंग फासून केली होती. म्हणजे ज्यांच्याविषयी हे सारे सांगितले जात होते त्यांना स्वतःच्या चेहऱ्यानेही तेथे उभे राहता आले नाही. हा चित्रपट राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या निवासस्थानी दाखवला गेला, आणि त्याच वर्षी, मधल्या काळात विझत गेलेली क्लॅन पुन्हा उभी राहिली. पडद्यावरची प्रतिमा केवळ करमणूक करते असे मानणाऱ्यांनी हा योग विसरू नये.

या चित्रपटाला विरोध झाला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेने गावोगावी निदर्शने केली. परंतु त्याहून महत्त्वाचे उत्तर दिले ते ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय लेखक-दिग्दर्शकाने. १९२० साली त्याने 'विदिन अवर गेट्स' हा मूकपट काढला. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी पैसा उभा करू पाहणारी एक शिक्षिका ही त्याची नायिका आहे. तिला काम आहे, इच्छा आहे आणि पूर्वायुष्याचे दुःखही आहे. निरपराधांना झुंडीने ठार मारण्याचे दृश्य त्याने निर्भयपणे दाखवले. पुढे अनेक वर्षे हा चित्रपट हरवला होता. त्याची एक प्रत स्पेनमध्ये सापडली आणि १९९३ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने तिचा जीर्णोद्धार केला. दुबळ्यांचे उत्तर पुष्कळदा दिलेले असते, पण ते जपून ठेवणारे कोणी नसते. ग्रंथालयाच्या शताब्दीत ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

साचा नेहमी द्वेषातूनच तयार होतो असे मात्र नाही. कळवळ्यातूनही तो होतो. हॅरिएट बीचर स्टो या लेखिकेची 'अंकल टॉम्स केबिन' ही १८५२ सालची कादंबरी गुलामगिरीविरुद्ध लोकमत जागे करणारी ठरली. त्यातील टॉम पळून गेलेल्या दोन गुलाम स्त्रियांचा ठावठिकाणा सांगण्यास नकार देतो आणि त्यापायी मार खाऊन प्राण सोडतो. पण रंगभूमीवाल्यांनी त्याचा वाकलेला, मालकाची मर्जी सांभाळणारा म्हातारा करून टाकला, आणि 'अंकल टॉम' ही कृष्णवर्णीयांतच एक शिवी होऊन बसली. लेखिकेने निर्माण केलेला माणूस नाटकवाल्यांच्या साच्यात कसा विरघळला, हे ज्याला पाहायचे असेल त्याने मूळ कादंबरी उघडावी.

आता १९३९ हे एकच वर्ष घेऊ. या वर्षी अमेरिकेत तीन गाजलेले चित्रपट निघाले आणि महाराष्ट्रात एक.

पहिला 'गॉन विथ द विंड'. त्यात नायिकेच्या घरातील दाईची भूमिका हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली. पूर्वी गुलामगिरीत राहिलेल्या आईबापांची ती मुलगी. अटलांटा येथे चित्रपटाचा पहिला खेळ झाला तेव्हा तेथील वर्णभेदी रिवाजामुळे तिला जाता आले नाही. १९४० साली तिला ऑस्कर मिळाले आणि हा सन्मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय ठरली. परंतु त्या समारंभातही तिला इतर कलावंतांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवण्यात आले. आयुष्यभर तिच्या वाट्याला मोलकरणीच्याच भूमिका आल्या. त्यावर टीका झाली तेव्हा तिने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: मोलकरीण म्हणून राबण्यापेक्षा मोलकरणीचे काम पडद्यावर करणे तिला अधिक परवडत होते. हे उत्तर ऐकले की कलावंताला दोष देण्याचे धाडस होत नाही. दोष असतोच तर तो भूमिका लिहिणाऱ्यांचा आणि वाटणाऱ्यांचा.

दुसरा चित्रपट जॉन फोर्ड यांचा 'स्टेजकोच'. एका घोडागाडीतील उतारूंच्या स्वभावांचे सुरेख दर्शन त्यात घडते. पण आपल्याकडे ज्यांना 'रेड इंडियन' म्हटले जाई ते अमेरिकेचे मूळनिवासी त्यात प्रामुख्याने टेकडीवर उभे राहणारे आणि गाडीवर तुटून पडणारे एक संकट म्हणून येतात. चित्रपटात ते अपाची जमातीचे आहेत. चित्रीकरणात मात्र नाव्हाहो जमातीची माणसे उभी केली होती. कोणत्या जमातीचा माणूस कोण, याने पाहणाऱ्याला काही फरक पडणार नाही, असा त्यामागचा हिशेब होता.

तिसरा 'गंगा दीन'. किपलिंगच्या कवितेवरून स्फुरलेल्या या चित्रपटाचा विषय भारत, पण चित्रीकरण कॅलिफोर्नियातले. इंग्रज फौजेला पाणी पुरवणारा भिश्ती गंगा दीन हा साहेबांसाठी प्राण देतो म्हणून 'चांगला', आणि साहेबांविरुद्ध उठलेले कालीचे उपासक ठग म्हणून 'वाईट'. चांगला आणि वाईट ठरवण्याचे माप साहेबाच्या हातात. गंगा दीन झाला होता सॅम जॅफी हा अमेरिकन नट, आणि ठगांचा गुरू झाला होता इटलीत जन्मलेला एदुआर्दो चानेली. या चित्रपटाविरुद्ध येथील वृत्तपत्रांनी आवाज उठवला आणि मुंबई व बंगाल प्रांतांत त्यावर बंदी आली. त्या काळी बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतातच होता.

याच १९३९ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'माणूस' प्रकाशित झाला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. नायक एक साधा पोलीस शिपाई, नायिका एक वेश्या. दोन्ही पात्रे ठरीव साच्यात घालण्यास किती सोपी! गणपत विनोदापुरता आणि मैना मोहापुरती ठेवता आली असती. परंतु त्या दोघांना चित्रपटात मन आहे, संकोच आहे, चुकण्याचा अधिकार आहे. मैना झालेल्या शांता हुबळीकर यांचे मूळ हुबळीच्या परिसरातले, घरची भाषा कानडी. आणि तरीही मराठी प्रेक्षकांनी त्यांना आपल्या मानल्या. नायक झालेले शाहू मोडक हे अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातले. पुढच्याच वर्षी 'संत ज्ञानेश्वर' मध्ये ते ज्ञानेश्वर झाले. 'माणूस' हे नावच येथे बोलके आहे. आधी शिपाई, आधी वेश्या, आधी कानडी, आधी ख्रिस्ती असा क्रम लावण्याऐवजी आधी माणूस, हा क्रम त्या चित्रपटाने लावला.

तोंडाला रंग फासून दुसऱ्याचे सोंग घेणे आणि शाहू मोडकांनी ज्ञानेश्वर होणे, यांत फरक काय, असा प्रश्न कोणी विचारील. फरक आहे. १९३७ साली पर्ल बक यांच्या 'द गुड अर्थ' या कादंबरीवर अमेरिकेत चित्रपट निघाला. चिनी शेतकरी झाला पॉल म्युनी हा गोरा नट. ॲना मे वाँग ही चिनी वंशाची गुणी अभिनेत्री हॉलिवूडमध्ये हजर असताना त्याच्या पत्नीची भूमिका मिळाली लुईझ रायनर या युरोपीय अभिनेत्रीला. कारण १९३४ पासून कडकपणे अमलात आलेल्या निर्मितिसंहितेने भिन्न वंशांच्या स्त्रीपुरुषांचे प्रेमसंबंध पडद्यावर निषिद्ध मानले होते, आणि नायक गोरा असल्यामुळे त्याची पत्नीही गोरीच हवी होती. लुईझ रायनर हिला त्या भूमिकेबद्दल ऑस्करही मिळाले. ॲना मे वाँगला दार बंद होते. शाहू मोडकांसाठी आणि शांता हुबळीकरांसाठी ते उघडे होते. १९४१ साली 'पडोसी' मध्ये शांतारामांनी हिंदू ठाकुराचे काम मजहर खान यांना आणि मुसलमान मिर्झाचे काम गजानन जागीरदार यांना दिले. दार दोन्ही बाजूंनी उघडत असेल तर सोंग अपमान ठरत नाही.

अमेरिकेतील हे दार किलकिले झाले ते १९६० नंतरच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्याने. सिडनी पॉइटियर या कृष्णवर्णीय नटाचा 'इन द हीट ऑफ द नाइट' हा १९६७ सालचा चित्रपट त्याची खूण म्हणून सांगता येईल. दक्षिणेतील एका गावात खुनाचा तपास करणारा कृष्णवर्णीय पोलीस अधिकारी तेथील गोऱ्या बागायतदाराला प्रश्न विचारतो. तो उर्मट मालक त्याच्या थोबाडीत मारतो आणि त्याच क्षणी हा अधिकारी ती थप्पड परत करतो. अमेरिकन पडद्याने असा क्षण क्वचितच पाहिला होता. तरीही या चित्रपटाचे बहुतेक चित्रीकरण उत्तरेतील इलिनॉय राज्यात करावे लागले, कारण दक्षिणेत जाणे पॉइटियर यांना सुरक्षित वाटत नव्हते. पुढे त्यांच्यावरही एक आक्षेप आला: त्यांच्या वाट्याला येणारे नायक इतके सद्गुणी आणि निर्दोष असतात की ते सामान्य कृष्णवर्णीयाचे प्रतिनिधी वाटत नाहीत. देव्हाऱ्यात बसवणे हाही एक साचाच आहे. माणसाला माणसाइतके अपुरे राहण्याचा हक्क हवा.

मराठी वाचकाला हा अमेरिकन इतिहास परका वाटू नये. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. त्याच डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली १९२५ साली निपाणीत बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली होती. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. वर्ण आणि जात एक नव्हेत; पण माणसाला जन्मावरून काम ठरवून देण्याची रीत दोहोंत सारखी आहे, हे मराठी विचारवंतांनी फार पूर्वी ओळखले होते.

भारतीय माणसाविषयीचा अमेरिकन साचा मात्र सहजासहजी मोडला नाही. १९६८ च्या 'द पार्टी' मध्ये पीटर सेलर्स या इंग्रज नटाने तोंड सावळे करून आणि उच्चार वेडेवाकडे करून भारतीय नटाचे सोंग घेतले. १९८४ च्या 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' मध्ये तर 'गंगा दीन' मधले ठग पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा अवतरले. राजवाड्याच्या मेजवानीत साप आणि माकडाचा मेंदू वाढले जातात! भारत सरकारने संहितेवर आक्षेप घेतल्यामुळे चित्रीकरण श्रीलंकेत झाले, आणि उत्तर भारतातील म्हणून दाखवलेले खेडूत पडद्यावर सिंहली बोलू लागले. सीमाभागातल्या प्रेक्षकाला ही चूक विशेष बोचेल. जेथे एका भाषेसाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडल्या, तेथे कुठलीही भाषा कुणाच्याही तोंडी चालते असे मानणे ही थट्टा वाटते. नरबळी देणाऱ्या पुजाऱ्याची भूमिका अमरीश पुरी यांनी केली. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या 'निशांत' मध्ये १९७५ साली त्यांनीच जमीनदार रंगवला होता. दोन्ही दुष्ट, परंतु 'निशांत' मधल्या दुष्टपणाला सत्तेची, जमिनीची आणि गावाच्या भीतीची मुळे आहेत. दुसऱ्याला मूळच नाही. तो भारतीय आहे, एवढेच कारण पुरेसे धरले आहे.

अशा चित्रणाला उत्तर कोणते? निषेध हे एक उत्तर आहे आणि प्रसंगी ते द्यावेच लागते. पण आपल्याकडे एक जुने उत्तर उपलब्ध आहे. दादासाहेब फाळके यांनी गिरगावात ख्रिस्तचरित्रावरील परदेशी चित्रपट पाहिला, तेव्हा आपल्या रामकृष्णांची चित्रे पडद्यावर कधी दिसतील हा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी घरदार पणाला लावून यंत्र आणले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला. कॅमेरा आपल्या हाती घेणे, हे फाळक्यांचे उत्तर होते.

परंतु कॅमेरा हाती आला म्हणजे साचे संपतात काय? येथे आपल्या घरात डोकावणे भाग आहे. मुंबईत बहरलेल्या हिंदी चित्रपटाने मराठी माणसाला फार काळ काय दिले? नऊवारीचा काष्टा मारलेली कामवाली बाई आणि काठी आपटणारा हवालदार. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) सारख्या चित्रपटांतून मराठी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेले लक्ष्मीकांत बेर्डे १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मध्ये घरगडी झाले, आणि अशोक सराफ १९९५ च्या 'करण अर्जुन' मध्ये मुन्शीजी. दोघांनीही आपल्या कामाचे सोने केले. पण स्वतःच्या भाषेत नायक असलेला माणूस शेजारच्या भाषेत नोकर होतो, ही गोष्ट हॅटी मॅकडॅनियलची आठवण करून देते. हा साचा हळूहळू सैल झाला. गौरी शिंदे यांच्या २०१२ सालच्या 'इंग्लिश विंग्लिश' मधील शशी गोडबोले ही पुण्याची गृहिणी न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसते, कारण इंग्रजी येत नाही म्हणून घरात तिची चेष्टा होते. तिला इच्छा आहे आणि निर्णयही तिचाच आहे.

हिंदीवर ठपका ठेवून मोकळे होणे सोपे आहे. मराठी पडद्याने काय केले? १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' च्या अफाट यशानंतर तमासगीर स्त्री, टग्या पाटील आणि भोळा गावकरी यांचे इतके नग ओतले गेले की खेडे म्हणजे फड आणि वाडा, एवढेच उरले. पण त्या चित्रपटात भूमिका केलेल्या हंसा वाडकर यांनी 'सांगत्ये ऐका' याच नावाने सांगितलेले आत्मकथन १९७० साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या आधाराने श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' काढला. स्मिता पाटील यांनी त्यात साकारलेली बाई नाचते, चुकते, पळते, परत येते आणि स्वतःचे आयुष्य स्वतः तोलून पाहते. साच्यातून माणूस बाहेर काढला तो एका पुस्तकाने.

आणि कानडी हेलाचे काय? मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर कानडी वळणाने बोलणारा माणूस आला की हशा ठरलेला. लिंग चुकले, क्रियापद उलटले की टाळी. ज्या विठ्ठलाला संतांनी प्रेमाने 'कानडा' म्हटले, त्याच शब्दाची आपण थट्टा करून टाकली. याला सुंदर अपवाद म्हणजे पु. ल. देशपांडे यांचे 'रावसाहेब'. 'गणगोत' मधले हे व्यक्तिचित्र बेळगावच्या वाचकाला पाठ असते. रावसाहेबांची भाषा कानडी-मराठीची सरमिसळ आहे, तोंडात शिव्या आहेत, आणि वाचताना हसू आवरत नाही. तरीही तो हशा त्यांच्या अंगावर पडत नाही. कारण वाचकाला त्या माणसाचे गाणे-नाटकाचे वेड दिसते, मैत्री दिसते, आणि शेवटी त्याचे एकटेपणही दिसते. बोली तीच, साचा मात्र कुठे उरत नाही. बोलीची नक्कल करणे हा अपराध नाही. बोलीपलीकडे माणसात काही शोधण्याची तसदी न घेणे, हा अपराध आहे.

निपाणीने तर पडद्याला आणखी एक धडा दिला आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. दीपा धनराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरात 'युगांतर' नावाचा चित्रपटगट स्थापन केला होता. या गटाने १९८१ साली पुण्यातील घरकामगार स्त्रियांवर 'मोलकरीण' हा माहितीपट काढला. हिंदी चित्रपटातील बाईला हे पहिले सरळ उत्तर म्हणावे लागेल. येथे ती पगाराविषयी आणि संघटनेविषयी बोलते. त्यानंतर हा गट निपाणीत आला. तंबाखूच्या वखारींतून धुरळ्यात राबणाऱ्या स्त्रिया तोपर्यंत संघटित झाल्या होत्या आणि त्यांनी संपही केला होता. गटाने सुमारे चार महिने त्यांच्यात काढले, त्यांचे ऐकले, काय दाखवायचे याची त्यांच्याशी चर्चा केली. वखारीच्या आत जाऊन चित्रीकरण केले, आणि संपाचे काही प्रसंग त्या स्त्रियांनी स्वतःच पुन्हा करून दाखवले. 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा १९८२ सालचा माहितीपट असा तयार झाला. बंगळूरचा गट, निपाणीच्या कामकरी बायका आणि त्यांची सीमाभागातील मराठी: या तिघांच्या मेळातून पडद्यावर जे आले त्यात सुरुवातीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत. त्यांना काम आहे, आणि त्या कामाविषयी त्यांचे स्वतःचे मत आहे. बोलणाऱ्या त्याच आहेत. संपाचा निर्णयही त्यांचाच.

सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणी-जोगत्यांचे उदाहरणही असेच. बाहेरच्या पाहुण्याला ते कुतूहलाचे किंवा किळसेचे दृश्य वाटते. या सीमाभागाला आतून ओळखणाऱ्या राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांनी आणि चारुता सागर यांच्या कथेने त्या माणसांचे आतले दुःख मांडले. त्यांवर आधारलेला 'जोगवा' २००९ साली पडद्यावर आला. त्यातील जोगता आणि जोगतीण प्रेम करू धजतात. म्हणजेच देवाच्या नावाने ओतलेल्या साच्याला नकार देतात. येथेही आधी पुस्तक, मग चित्रपट.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' तील (२०१३) जब्या या कैकाडी मुलाने अखेरीस भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. १९६७ च्या त्या अमेरिकन थपडेचा हा मराठी भाऊबंद; फक्त येथे मार प्रेक्षकाने खायचा आहे. मंजुळे यांच्याच 'सैराट' चे (२०१६) कन्नड रूपांतर 'मनसु मल्लिगे' २०१७ साली आले आणि त्यातही नायिका रिंकू राजगुरू हीच होती. अकलूजची मराठी मुलगी कन्नड पडद्यावर नायिका झाली; हुबळीकडच्या शांताबाई 'माणूस' मध्ये मराठी पडद्यावर नायिका म्हणून आल्या त्याला तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षे लोटली होती. सीमेच्या दोन्ही बाजूंना हे दार उघडे राहिले आहे, याची नोंद राजकारणाच्या गदारोळात क्वचितच घेतली जाते. २०१८ च्या 'धडक' या हिंदी अवतारात मात्र कथा उदयपूरला गेली आणि जातीचा दाह निवला. साच्यात बसवण्यासाठी माणसाचे जे काही कापावे लागते, ते बहुधा त्याचे दुखणेच असते.

सीमाभागातील माणसावर आणखी एक साचा बसलेला आहे, आणि त्याचे नाव आहे 'सीमाप्रश्न'. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि तेव्हापासून येथील मराठी माणूस बाहेरच्या जगाला माणूस म्हणून कमी आणि प्रश्न म्हणून अधिक दिसतो. प्रश्न खरा आहे. त्यासाठी लोकांनी सोसले आहे, प्राण दिले आहेत. परंतु प्रश्नाला ऊस लावायचा नसतो, मुलीचे लग्न करायचे नसते, रात्री पुस्तक वाचायचे नसते. ते माणसाला करायचे असते. येथील मराठी माणसाने आपल्याला असे सपाट केलेले पाहून दुखावले जावे, हे रास्त आहे. पण त्याने आपल्या शेजारच्या कानडी माणसाला, वेशीबाहेरच्या वस्तीला, कैकाड्याला आणि जोगतिणीला त्याच सपाटपणे पाहावे काय? अपमान ओळखता येण्याची किंमत ज्याने मोजली आहे, त्याच्यावर तो दुसऱ्याला न करण्याची जबाबदारी अधिक आहे.

या कामी ग्रंथालयाचा वाटा मोठा आहे. चित्रपट दोन-अडीच तासांत माणूस दाखवतो. पुस्तक त्याच्याजवळ आठवडाभर बसू देते. टॉमचा खरा चेहरा कादंबरीत सापडतो, जोगतिणीचा गवसांच्या पानांत, रावसाहेबांचा 'गणगोत' मध्ये. म्हणून ग्रंथालयाच्या चालकांना एक विनंती करावीशी वाटते. ज्या पुस्तकांवर चित्रपट निघाले ती पुस्तके एका कपाटात एकत्र ठेवावीत, शेजारी कन्नडमधून मराठीत आलेली पुस्तके असावीत, आणि वर्षातून एकदा तरी चित्रपट दाखवून त्याच्या मूळ पुस्तकावर तरुण वाचकांना बोलते करावे. पडद्यावर कोणाला कोणते काम दिले आहे, कोण बोलतो आणि कोण गप्प आहे, निर्णय कोणाचा आहे, हे विचारण्याची सवय त्या मुलांना लागली, तर या शंभर वर्षांत कपाटे झाडणाऱ्या, पाने डकवणाऱ्या आणि वर्गणी गोळा करणाऱ्या माणसांचे श्रम पुढच्या पिढीच्या कामी येतील.

ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकास मनःपूर्वक शुभेच्छा.